पुस्तक घेण्याआधी मधलं पान उघडून बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "पायथॉन शिकायचंय, एक चांगलं पुस्तक सांग" एवढंच विचारलंयस, पण चार दिवस झाले माझ्या डोक्यात तेच घोळतंय आणि एक नाव सांगून मोकळं व्हावं असं काही वाटेना, म्हणून हे लांबलचक लिहितोय. कारण मला जे पुस्तक उपयोगी पडलं ते मी आधी दुसरी प्रोग्रामिंग लँग्वेज येत असताना वाचलेलं, आणि तुझी पाटी कोरी आहे.

कर्निघन आणि रिची यांचं सी या प्रोग्रामिंग लँग्वेजचं पुस्तक बघ ना. १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ला आली, पावणेतीनशे पानांच्या आत सगळी लँग्वेज. लोक डोळे झाकून सुचवतात, आणि पुस्तक आहेच तेवढं भारी, पण प्रस्तावनेत त्यांनीच लिहून ठेवलंय की हे अगदी पहिल्यापासून शिकवणारं पुस्तक नाही, व्हेरिएबल, लूप, फंक्शन या प्रोग्रामिंगच्या मूळ गोष्टी थोड्याफार माहीत आहेत असं धरून चाललोय. प्रस्तावना वाचतं कोण! मग नवीन माणूस पाचव्या प्रकरणात पॉइंटरपाशी (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) अडकतो आणि आपल्याला हे जमणारच नाही म्हणून कायमचं सोडून देतो. मला याचं खरंच वाईट वाटतं रे. म्हणून आधी बघ की लेखक कोणाशी बोलतोय, तुझ्याशी की दहा वर्षं कोड लिहिणाऱ्याशी.

दुसरं म्हणजे साल आणि व्हर्जन. माझं पायथॉनचं पहिलं पुस्तक कोणीतरी वापरून झालेलं दिलेलं, त्यात प्रिंट या स्क्रीनवर दाखवायच्या कमांडपुढे कंस नव्हता, मी तसंच टाइप केलं, एरर आली, आणि अख्खी संध्याकाळ मी काय चुकलं ते शोधत बसलो. पुस्तक पायथॉन २ चं होतं आणि मशीनवर पायथॉन ३. तीन तर २००८ च्या डिसेंबरलाच आलेलं, आणि १ जानेवारी २०२० पासून दोनचा सपोर्टही बंद झाला, पण जुनी पुस्तकं फिरतातच. एरर आली तर निदान कळतं तरी. ३ भागिले २ केलं की जुन्यात १ यायचा, नव्यात १.५ येतो, तिथे एरर वगैरे काही नाही, गुपचूप उत्तरच वेगळं. पुढे कधी जावास्क्रिप्टकडे, म्हणजे वेबपेजच्या लँग्वेजकडे, वळलास तर तिथेही २०१५ च्या आधीचं पुस्तक नको, लेट आणि कॉन्स्ट हे व्हेरिएबल बनवायचे नवे शब्द त्यात सापडणारच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पहिलं प्रकरण वाचून पुस्तक ठरवू नकोस, पहिलं प्रकरण सगळेच गोड लिहितात. मधलं पान उघड, लिस्टचं किंवा फंक्शनचं. उदाहरण देतो. ए नावाची लिस्ट, म्हणजे ओळीने ठेवलेल्या गोष्टींची यादी, घे, त्यात १, २, ३. मग बी = ए असं लिही, बी मध्ये ४ अपेंड कर, म्हणजे शेवटी जोड, आणि प्रिंट मात्र ए कर. ए मध्येही ४ दिसतो! पहिल्यांदा बघणारा चक्रावतोच, हात तर बी ला लावला होता ना. काही पुस्तकं इथे 'हे लक्षात ठेवा' म्हणून चौकट टाकतात आणि पुढे पळतात. चांगलं पुस्तक थांबतं, सांगतं की लिस्ट एकच आहे, ए आणि बी ही तिला लावलेली दोन नावं, चित्र काढून दाखवतं, वेगळी कॉपी हवी तर काय लिहायचं ते सांगतं, आणि मग तुलाच विचारतं की बी मध्ये ४ घालण्याऐवजी बी ला सरळ नवीनच लिस्ट दिली असती तर ए चं काय झालं असतं. तू उत्तर मनात ठरवतोस, रन करतोस, आणि ते डोक्यात पक्कं बसतं. असं पान सापडलं की ते पुस्तक घे.

प्रकरणाच्या शेवटचे प्रश्नही बघ. वरचाच प्रोग्राम आकडे बदलून लिहा असलेच असतील तर हात बसत नाही, आणि एकदम डोंगराएवढे असतील तर घरी एकटा शिकणारा तिथेच बसून राहतो. निदान काहींची उत्तरं मागे हवीत. जाडीवर जाऊ नकोस, आणि इतक्या दिवसांत एक्स्पर्ट करतो म्हणणारी तर हातातही घेऊ नकोस, माझं स्पष्ट मत आहे.

दोन-तीन पुस्तकांची नमुना प्रकरणं मिळव, प्रत्येकाला एकेक तास दे, कोड कॉपी-पेस्ट न करता स्वतः टाइप कर आणि मुद्दाम एखादा कोलन (:) काढून बघ काय होतं ते. जिथे अडशील तिथला पान नंबर आणि एरर जशीच्या तशी मला पाठव, त्यावरून आपण ठरवू कुठलं घ्यायचं.

तुझाच