सातवा नंबर आणि सुट्टीतले तीन आठवडे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, छकुली तिच्या कॉलेजच्या स्क्वॉश संघात सातव्या नंबरवर खेळते हे कळल्यावर तुम्ही दोनदा विचारलंत, "सातवी म्हणजे पोर मागे पडली का?" फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. छकुली रविवारी साताऱ्यात पोचेल, त्याआधी वाचून ठेवा.

हा नंबर वर्गातल्या नंबरासारखा नाही. अमेरिकेतल्या कॉलेज स्क्वॉशमध्ये एका संघाच्या नऊ जणी खेळतात. यांची पहिली त्यांच्या पहिलीशी, यांची सातवी त्यांच्या सातवीशी. नऊपैकी पाच लढती ज्यांनी घेतल्या, तो संघ जिंकला. पहिलीच्या विजयाचा एक गुण, सातवीच्याही विजयाचा एकच. वरच्या दोन-तीन जागांवर सगळ्याच चांगल्या संघांकडे तगड्या मुली असतात. सामना बरेचदा फिरतो तो खाली, पाच ते नऊमध्ये. सरावात आपसांत लढती लावून हा क्रम ठरवतात, त्याला लॅडर म्हणतात, आणि तो हंगामभर वरखाली होतो. एक लढत जास्तीत जास्त पाच गेमची, गेम 11 गुणांचा, 10-10 झाले की दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते. मुख्य सामने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेवटी संघांची हाउ कप स्पर्धा आणि मग एकेरी स्पर्धा.

फीची काळजी सोडा. आयव्ही लीगमधल्या (अमेरिकेतल्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, घरची परिस्थिती बघून मदत देतात. उद्या तिने रॅकेट खाली ठेवली म्हणून ती मदत जात नाही.

आता सुट्टी. पहिले आठ दिवस रॅकेटला हात नाही. झोपेल, खाईल, लोळेल. आई, "नुसती लोळतेय" असं म्हणू नकोस, त्यासाठीच आलीय ती. त्यानंतर सकाळी साडेसहाच्या आत अजिंक्यतारा. चढताना धावली तरी चालेल, उतरताना मात्र डांबरी रस्त्याने चालतच. उतारावर धावलं की गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर प्रत्येक पावलाला ताण येतो, आणि स्क्वॉश खेळणाऱ्यांची ती जागा पुढे झेपावून झेपावून आधीच थकलेली असते.

सगळ्यात जास्त जपायची ती टाचेमागची जाड शीर, अकिलीस. पुढच्या कोपऱ्यात झेपावायचं आणि त्याच पायावर जोर देऊन मागे यायचं, हे एका लढतीत शेकडो वेळा होतं. अमेरिकेची अमांडा सोभी हार्वर्डकडून चार वेळा कॉलेजांची एकेरी विजेती झाली. 2017 मध्ये तिची ही शीर तुटली आणि पुढे दुसऱ्या पायाचीही. त्यामुळे छकुलीला ओट्याच्या पायरीवर हा व्यायाम रोज करायचाय: पुढचा चवडा पायरीवर, टाच हवेत. दोन्ही पायांनी वर जायचं, मग एका पायावर सावकाश टाच पायरीच्या खाली सोडायची. 15 वेळा, असे तीन फेरे गुडघा ताठ ठेवून. तेवढेच गुडघा किंचित वाकवून, म्हणजे पोटरीच्या आतल्या स्नायूला काम मिळतं. सकाळी आणि संध्याकाळी. ती टाळाटाळ करेल, कारण कंटाळवाणं काम आहे. बाबा, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसा आणि मोजा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं लंगडत पडत असली, तर त्या दिवशी गड बंद आणि मला फोन.

दुसऱ्या आठवड्यापासून घोस्टिंग, म्हणजे चेंडूशिवाय कोर्टभर पळणं. मधल्या खुणेवरून सहा जागी जायचं, फटका मारल्यासारखं करायचं, परत मध्ये. 30 सेकंद पळायचं, 30 सेकंद थांबायचं, असं 12 वेळा. हे गच्चीवर करू देऊ नका. कोबा कडक, त्यावर धूळ, पाय सरकतो. बॅडमिंटनचं लाकडी कोर्ट तासभर मिळालं तर उत्तम. त्याची रुंदी 6.1 मीटर, स्क्वॉशची 6.4, म्हणजे फूटभरच कमी.

तिच्या पिशवीतला दोन पिवळ्या ठिपक्यांचा काळा चेंडू "हा उडतच नाही" म्हणून फेकू नका. तो थंड असला की मेल्यासारखा पडतो. मार खाऊन तापला की आतली हवा फुगते आणि मग उडतो. त्याचा व्यास जेमतेम 40 मिलिमीटर, डोळ्याच्या खोबणीत सहज बसेल एवढा, म्हणून कॉलेजच्या सामन्यांत गॉगल सक्तीचा आहे. रॅकेटची तार तुटली तर बॅडमिंटनच्या दुकानात विणून मिळेल, पण दुकानदाराला आधीच सांगा: तार स्क्वॉशची, तिच्याच पिशवीतली, ताण 25 पौंड. बॅडमिंटनची तार फार बारीक, दोन दिवसांत तुटेल.

आई, जेवणाचं तुझ्याकडे. तिचं वजन 58 किलो, रोज 85 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी, दोन मोठे पेले दूध, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, वाटीभर दही, तीन भाकऱ्या, मूठभर शेंगदाणे आणि 100 ग्रॅम पनीर, एवढ्यात ते जवळपास भागतं. पनीर नको असेल त्या दिवशी चिकन. जेवताना चहा देऊ नकोस, लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळ. या तीन आठवड्यांत उपास नको. आणि एक गोष्ट तूच विचार, बाबा नसताना: पाळी नियमित येते का. "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" असं ती म्हणेल. तसं नसतं. तीन महिने चुकली तर खेळात जेवढी ताकद खर्च होते त्या मानाने खाणं कमी पडतंय असाच पहिला संशय घ्यायचा, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडे ने.

शेजारी 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं विचारतील, स्क्वॉश तिथे पहिल्यांदाच आहे ना. सरळ सांगा, आपली त्या रांगेत नाही. भारताची अनाहत सिंग वगैरे मुलींचं ते काम.

हिवाळ्यात तिकडची, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची, वेळ आपल्या साडेदहा तास मागे असते. दुपारी एकचा सामना म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. बाबा, जागे राहणार असाल तर मोबाईलवर कसं लावायचं ते तिच्याकडूनच शिकून घ्या.

घोस्टिंगच्या खुणांना खडू लागेल. तुमच्या कपाटातली मोजपट्टी पाच मीटरचीच आहे ना? मग 6.4 साठी दोनदा लावावी लागेल.

तुमची,
धाकटी