मागच्या सीटवर अण्णा

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय सुहास,

तुझा मेसेज शुक्रवारी रात्रीच वाचला होता. पण चार ओळींत उरकण्यासारखा प्रश्न नाही हा, म्हणून आज निवांत लिहायला बसलो. २०१५ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय, म्हणजे डिझेल, एकाच मालकाने वापरलेली, ७८ हजार किलोमीटर झालेली. घेऊ का, असं तू विचारलंस. माझ्याकडे सात वर्षं तीच गाडी आहे, तेव्हा मी डोळे झाकून ‘घे’ म्हणेन अशी तुझी अपेक्षा असणार. गाडीपुरतं विचारशील तर ‘घे’च म्हणेन. पण तुझ्या घरी अण्णा आहेत, आणि दिवाळीत तुमचा जिना चढताना त्यांना काय त्रास होत होता ते मी पाहिलंय.

आधी गाडीचं सांगतो. कराडहून चिपळूणला तुझं जाणं-येणं असतं, म्हणून कुंभार्ली घाटाचाच दाखला देतो. परतताना पोफळी मागे पडली आणि चढ लागला, की या इंजिनाची खरी ताकद कळते. १४९८ सीसी, चार सिलिंडर, १०५ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क. तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा दोन हजारांवर असला की पुढचा ट्रक ओलांडायला गिअर पाडावा लागत नाही. समोरचा रस्ता मोकळा दिसला की पाय दाबायचा, गाडी वजन विसरल्यासारखी वर जाते. मात्र अठराशेच्या खाली ती मंद असते. वळणात तिसऱ्यातच शिरलास तर बाहेर पडताना टर्बो जोर धरेपर्यंत वाट बघत बसावं लागेल. म्हणून वळणाच्या आधीच दुसरा टाकायचा. ही सवय लागायला मला दोन-तीन महिने लागले.

स्टिअरिंग गल्लीत हलकं, आणि वेग वाढला की आपोआप भरीव होतं. हायवेवर शंभरच्या वेगातही गाडी रस्ता धरून असते, वाऱ्याने डगमगत नाही. डिझेल इंजिनाचं वजन नाकावर असल्यामुळे वळणात जोरात शिरलं तर पुढची चाकं बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात. शिरताना हळू आणि निघताना टॉर्कवर, हीच तिची चाल. ती जमली की घाट संपूच नये असं वाटतं. तुला आठवतं, कॉलेजात आपण तुझ्या मामांच्या पुंटोवर जीव टाकायचो? ती बनायची रांजणगावात, ही चाकणला. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला जितका पुंटोत कळायचा तितका हिच्यात कळत नाही, हे मला आजही कबूल आहे. पण इंजिनाच्या बाबतीत हीच वरचढ.

खर्चाचं थोडक्यात. हायवेला मला १८-१९चं अ‍ॅव्हरेज मिळतं, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये १४. टाकी ४५ लिटरची. रोज सिग्नलला अडकायचं असतं तर जड क्लचमुळे मी नकोच म्हटलं असतं, पण कराडात तो प्रश्न नाही. पार्ट महाग आहेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस, तो तुटला तर इंजिनच जातं. माझ्या एका गॅरेजवाल्याने बेल्ट न बदलताच बिल केलं होतं, ते दुसऱ्याने झाकण उघडल्यावर कळलं. तेव्हा नुसत्या बिलावर विसंबू नकोस, तुझ्या मिस्त्रीला झाकण काढून बघू दे. दुसरं म्हणजे, २०१५च्या डिसेंबरात धुराच्या उत्सर्जनाच्या प्रकरणात फोक्सवॅगन ग्रुपच्या सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या आपल्याकडे परत बोलावल्या होत्या. या गाडीचं ते काम झालंय का, हे चासी नंबर देऊन विचारून घे. पासिंग २०३० पर्यंत चालेल. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६, म्हणजे उत्सर्जनाचा नवा कडक नियम, आला तेव्हा कंपनीने इथली डिझेलं बंद केली आणि २०२२मध्ये पोलोच थांबली, त्यामुळे नवी मिळणार नाही, हे तुला माहीतच आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र मन निश्चिंत ठेव. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या मे महिन्यात आईला घेऊन दापोलीला निघालो होतो. ताम्हिणीत रस्ता मोकळा होता, मी अगदी खुशीत होतो, एकेक वळण नीट जुळून येत होतं. माणगावला चहाला थांबलो. आई उतरली आणि दार धरून तशीच उभी राहिली. सीट खाली असल्याने गुडघ्यांवर जोर देऊन वर यावं लागतं, आणि माझी सीट मागे सरकवलेली असल्यामुळे तिला पाय लांब करायला जागाच नव्हती. घाटभर तिने वरचं हँडल घट्ट धरलेलं होतं, हे मला आरशात दिसलंच नाही, कारण मी आरशात बघितलंच नव्हतं. ती एका शब्दानेही काही बोलली नाही. पुढचा रस्ता मी फार सावकाश गेलो.

गाडी चार मीटरच्या आतली, आणि त्यातली चांगली जागा पुढच्या दोघांना. डिकीत दोन आंब्याच्या पेट्या आणि दोन बॅगा बसतात, तिथे तक्रार नाही. वहिनी आणि छोटी मागे आरामात बसतील. अण्णांना पुढे बसवलंस, सीट पूर्ण मागे घेतलीस, तर त्यांचं निभेल, पण मग त्यांच्या मागे फक्त छोटीच मावेल. आणि चढ-उतार त्यांना तिथेही कठीणच जाणार.

म्हणून माझं मत असं. पोलो घे, पण तुझी आत्ताची वॅगनआर विकून घेऊ नकोस. तिच्या उंच सीटवर अण्णा खुर्चीवर बसावं तसे बसतात आणि उतरताना कुणाचा हात लागत नाही. दोन गाड्या परवडत नसतील तर यंदा पोलो राहू दे. मला वाईट वाटेल, कारण तू ती चालवावीस असं मला मनापासून वाटतं. आणि ती तुझ्याइतकी नीट चालवणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

टोकन देण्याआधी एक कर. पुढच्या शनिवारी मी माझी गाडी घेऊन कराडला येतो. तू चालव, मी पुढे बसतो, अण्णांना मागे बसवू आणि कोयनानगरपर्यंत जाऊन येऊ. उतरल्यावर त्यांना काही विचारायचं नाही, ते कसे उतरतात तेवढं बघायचं. येताना पाटणला मिसळ खाऊ.

काकूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
मिलिंद