मुखवट्याने फसवलं

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्यावसायिक कुस्तीवरच्या लेखात एल जेनेरिको हा मुखवटेवाला मल्ल 'मेक्सिकोचा' असल्याचं म्हटलं आहे. तो कॅनडाचा. जन्म १९८४ चा, मॉन्ट्रियलजवळच्या लाव्हालमधला. आईवडील सीरियातून तिथे गेलेले. अर्थात लेखकाला दोष कसा द्यावा? रिंगमध्ये त्याला मेक्सिकोतल्या 'तिहुआनाचा' म्हणूनच पुकारत आणि 'ओले' या स्पॅनिश ललकारीखेरीज त्याच्या तोंडून शब्द क्वचितच फुटे. नावाचा अर्थ तर 'असाच कोणीतरी'!

मी तालमीत वाढलो, पुढे शाळेत क्रीडाशिक्षक झालो. निकाल आधी ठरलेल्या कुस्तीला आम्ही नुरा म्हणतो आणि हीही नुराच, यावरून नातवाशी माझं आजही वाजतं. पण त्याने मोबाइलवर जेनेरिकोच्या जुन्या लढती दाखवल्या आणि मी बघत बसलो. समोरच्याला उलटा उचलून कोपऱ्यातल्या खांबाच्या वरच्या गादीवर डोक्याकडून आपटायचा हा त्याचा डाव. निकाल ठरलेला असेल, पण मान तर खरी असते ना! वस्ताद आम्हाला जोडीदाराची मान आधी सांभाळायला शिकवत, त्याची आठवण झाली.

नातवाने सुनेची जुनी लेगिंग कापून तसला मुखवटा शिवला होता. एकदा घरात कोणी नसताना तो चढवून मी बैठका काढल्या. बाराव्या बैठकीला कापड नाकाला चिकटलं, दम कोंडला, घामाने डोळे चुरचुरायला लागले. हा गडी दहा-अकरा वर्षं त्यातच लढला, तेही लहानसहान हॉलमध्ये. चेहरा झाकलेला, भाषा नाही. कळवळणं, चिडणं सगळं खांद्यातून आणि हातांतून दाखवायचं. केव्हिन स्टीन त्याचा जोडीदार, मग हाडवैरी. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला पैज लागली: जेनेरिको हरला तर मुखवटा उतरवायचा, स्टीन हरला तर त्याने लढती भरवणारी 'रिंग ऑफ ऑनर' ही कंपनी सोडायची. जेनेरिको जिंकला, मुखवटा राहिला.

२०१३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या बड्या अमेरिकन कुस्ती कंपनीने त्याला घेतलं आणि तो उघड्या चेहऱ्याने सॅमी झेन झाला. जेनेरिकोचं विचारलं की सांगायचा, तो तिहुआनाला अनाथ मुलांची काळजी घ्यायला गेलाय. एप्रिल २०२३ मध्ये रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्यात पहिल्या रात्रीची शेवटची लढत त्याने जिंकली. जोडीला तोच स्टीन, आता केव्हिन ओवेन्स या नावाने.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला हे दोघे हैदराबादला आले, तेव्हा नातवाने हट्टाने मला सोलापूरहून नेलं. झेन आत येताच पोराने खिशातून तो लेगिंगचा मुखवटा काढला आणि 'ओले, ओले' ओरडत हलवत राहिला. झेनला तो दिसला असेल असं वाटत नाही. आम्ही फार वरच्या रांगेत होतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर