भाकरी बंद न करणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

लेकीच्या पीसीओएससाठी, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या संप्रेरकांच्या त्रासासाठी, आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा घरात भात बंद, भाकरी बंद, फळंही बंद झाली होती. कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला तक्ता आम्ही पाळत होतो आणि पोरगी जेवायची वेळ झाली की तोंड चुकवायची. तुम्ही तिला वजनकाट्यावर उभं करायच्या आधी विचारलंत, "तुला खायला काय आवडतं गं?" ती हळूच म्हणाली, "मिसळ." तुम्ही हसलात आणि कागदावर ताट काढायला घेतलंत.

मिसळ सोडायची नाही, पण मोडाची मटकी दुप्पट, फरसाण चिमूटभर, कट बेताचा आणि पाव एकच. मैद्याच्या पावाची साखर रक्तात झपाट्याने चढते, कडधान्याची सावकाश. साखर किती झपाट्याने चढते याच्या मापात (ग्लायसेमिक इंडेक्स) ग्लुकोजला 100 धरलं तर 55 च्या आतले पदार्थ बरे, 70 च्या वरचे जपून खायचे. पांढरा पाव वरच्या गटात, हरभरा-मसूर खालच्या. साखर झपाट्याने चढली की ती आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, इन्सुलिनही उसळतं. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते आणखी वाढतं आणि अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, ते त्यामुळे. हे ऐकताना लेकीचा चेहरा बदललेला मी पाहिला. "आळशी आहेस म्हणून होतंय" हे तिनं नातेवाइकांकडून किती वेळा ऐकलं होतं!

गुळाबद्दल बोललात, त्याचं मला विशेष वाटलं. कोल्हापुरात बसून "गूळही साखरेतच धरा" म्हणायला धीर लागतो. चहात साखरेऐवजी गूळ घातला की पथ्य झालं, असं इथं घरोघरी समजतात. संकष्टीच्या साबुदाण्याचंही तसंच. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणून वरीचा भात आणि दाण्याची आमटी सुचवलीत. उपवास मोडा म्हणाला नाहीत, त्यामुळे सासूबाईही लगेच तयार झाल्या. रविवारचा तांबडा-पांढरा चालूच आहे, फक्त भाताचा ढीग गेला आणि ज्वारीची भाकरी, काकडी-कांदा आला. कणकेचा कोंडाही आता चाळून टाकत नाही.

दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या-फळं आणि 25 ग्रॅम तंतू (फायबर), हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा सल्ला. तुम्ही तो आम्हाला कपिलतीर्थ मंडईतल्या मेथी, गवारी आणि पेरूंत मांडून दिलात. पावडरीचा डबा गळ्यात मारला नाहीत. पीसीओएससाठी अमुकच एक आहार सरस ठरलेला नाही, झेपेल तो आणि टिकेल तो घ्या, हे स्पष्ट सांगितलंत. डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, हेही बजावलंत.

पाळी आता बरीच वेळेवर येते. त्याहून मोठं म्हणजे पोरगी आमच्याबरोबर पोटभर जेवते. मनापासून आभार, ताई. एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहा म्हणाला होतात, ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. रिपोर्ट आला की दाखवायला येतो.

आपली नम्र,
एक आई, कोल्हापूर