पाणी कुठे जाते, हे ठरवताना

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले की कादंबरी लिहून झाली असेल तर पुस्तक कशासाठी अडले आहे, आणि मी "नकाशाचे काम चालू आहे" एवढेच सांगून विषय आवरता घेतला. फोनवर ते नीट सांगता आले नसते. म्हणून हे पत्र सवडीने लिहीत आहे.

माझ्या कादंबरीतला देश संपूर्ण कल्पनेतला असल्यामुळे वाचकाला सुरुवातीच्या पानांवर नकाशा देणे भाग होते. मी चित्रकाराला कच्चा आराखडा द्यावा आणि त्यांनी तो सुबक करावा, असा माझा बेत होता. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले की राजधानी नदीच्या उजव्या तीरावर आहे की डाव्या, घाट कोणत्या अंगाने जास्त उभा आहे, आणि बंदरापासून गडापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात. चारशे पाने लिहून झालेली असूनही यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. घरी परतताना मनाशी ठरवले की हा नकाशा आपणच काढायला शिकायचे. त्याला आता आठ महिने झाले.

सुरुवात किनाऱ्यापासून केली. मोकळ्या हाताने काढलेला किनारा एकसारखा नागमोडी येतो आणि खोटा दिसतो. त्यावर नकाशे काढणाऱ्यांची एक युक्ती आहे: कागदावर मूठभर धान्य पसरायचे आणि त्याच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. मी तांदूळ घेतले. दाणे जिथे दाट पडले तिथे भूशिरे झाली, जिथे विरळ पडले तिथे खाड्या झाल्या, आणि चार दाणे लांब उडाले त्यांची बेटे झाली. आई, ते तांदूळ निवडून पुन्हा डब्यात भरले आहेत, काळजी करू नकोस.

खरी अडचण पाण्याने केली. माझ्या देशाच्या मधोमध सोनतळे नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातून झुळका पूर्व समुद्राला आणि करवंती पश्चिम समुद्राला जाते, असे मी लिहिले होते, आणि सातव्या प्रकरणातली नौकांची सगळी लढाई त्याच भरवशावर बेतलेली होती. नकाशावर त्या दोन निळ्या रेघा ओढल्या तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्याबरोबर जमिनीच्या मोजणीला आलेली मी मला आठवले. बाबा, तुम्ही तिपाईवर फळी बसवण्याआधी शेताभोवती एक फेरी मारायचात आणि शेतकऱ्याला हद्दीविषयी काही विचारण्यापूर्वी पावसाचे पाणी कोणत्या बांधावरून उतरते ते विचारायचात. तो प्रश्न मी माझ्या सोनतळ्याला विचारला आणि उत्तर चुकीचे आले. सरोवर भरले की त्याच्या काठावरच्या सर्वांत सखल जागेवरून पाणी बाहेर पडते, ते पाणी ती जागा आणखी खोल कापत जाते, आणि मग दुसऱ्या कोणत्याही वाटेला पाणी उरत नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावरून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते हे खरे आहे, पण तिथे मधे डोंगराचा कणा आहे आणि त्याच्या दोन उतारांवरचे पाणी मुळातच वेगळे आहे. अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरवर असताना कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. शाळेत हे पाठ केले होते, पण त्यातली जमिनीची सक्ती मला या वयात, स्वतःच्या हाताने नदी खोडताना समजली.

करवंती मी सरोवरापासून तोडली आणि डोंगरापलीकडे नेली. सातवे प्रकरण पुन्हा लिहिले. आता त्या लढाईत नौका ओंडक्यांवरून ओढत खिंडीपार न्याव्या लागतात, आणि त्यामुळे त्या प्रकरणाला आधी नव्हता तो दम आला आहे, असे मला मनापासून वाटते. डोंगर पक्का झाल्यावर पाऊसही ठरवावा लागला. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणदेशात जेमतेम पाचशे, कारण पश्चिमेकडून येणारे ढग डोंगर चढतानाच रिते होतात. माझी पात्रे मात्र देशभर सगळीकडे भातच खात होती. आता पूर्वेकडच्या गावांत बाजरीची भाकरी आहे, विहिरी खोल आहेत, आणि तिकडची माणसे पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवल्याशिवाय उठत नाहीत. ते झाकण मी आईचे पाहून लिहिले आहे.

अंतरांसाठीही मला आईकडेच यावे लागले. बाबांची ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी शेत मोजायला उत्तम, पण मला माणसाच्या पायांचे माप हवे होते. माझा नायक चौथ्या प्रकरणात जी वाट तीन दिवस चालतो, तीच एकोणिसाव्या प्रकरणात अर्ध्या दिवसात कापत होता. मग आईच्या वारीची वही काढली. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा आहे, आणि त्यापुढे तू लिहिले आहेस, "पाय भरून आले, दुसऱ्या दिवशी उठवेना." ते वाक्य हेच माझे प्रमाण झाले. माझ्या नकाशावर एक बोट म्हणजे एका दिवसाची चाल आहे, आणि घाट आला की एका बोटाला दोन दिवस लागतात.

डोंगरांच्या बाबतीत मी हट्टाने वेगळी वाट धरली. कल्पित देशांच्या नकाशांत डोंगर बहुतेक वेळा टोकदार त्रिकोणांसारखे काढलेले दिसतात. ती बर्फाळ मुलखातली शिखरे आहेत, आणि ती काढताना माझा हात प्रत्येक वेळी अडखळत होता. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झाला, म्हणून त्याचे माथे सपाट असतात आणि कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. मी तसेच डोंगर काढले: वर पठाराची आडवी रेघ, खाली कातळाचे दोन-तीन पट्टे, आणि उजव्या अंगाला बारीक रेघांची सावली. प्रकाश डावीकडून वरून, म्हणजे वायव्येकडून येतो असे धरण्याचा संकेत आहे. आपल्याकडे सूर्य प्रत्यक्षात तिथून फारसा कधीच येत नाही, पण सावली उलट बाजूला टाकली तर डोळ्यांना डोंगराच्या जागी दरी दिसते. मी दोन्ही प्रकारे काढून पाहिले आणि ते खरोखर तसे घडते.

सर्वांत जास्त वेळ अक्षरांनी घेतला. रोमन लिपीत लांबलचक डोंगररांगेचे नाव लिहायचे असेल तर अक्षरे एकमेकांपासून दूर पसरवतात. संगणकावर देवनागरीत तसे केले तर शिरोरेघ तुटते, आणि वेलांटी कधी कधी आपले अक्षर सोडून भलतीकडे जाऊन बसते. पाण्याची नावे तिरक्या अक्षरांत लिहिण्याची तिकडची रीतही आपल्या लिपीला शोभत नाही. महिनाभर धडपडून मी संगणक बाजूला ठेवला आणि बोरू घेतला. हाताने लिहिताना शिरोरेघ नदीच्या वळणाबरोबर वळवता येते, डोंगररांगेच्या नावात ती हवी तेवढी लांब ओढता येते, आणि अक्षरे तिला लटकून राहतात. मात्र माझे अक्षर त्या तोलाचे नाही, आणि इथेच मला तुमची गरज आहे.

स्कॉटिश लेखक स्टीव्हन्सनने १८८१ मध्ये एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून "ट्रेझर आयलंड" ही कादंबरी जन्मली. पुस्तक छापायच्या वेळी तो मूळ नकाशा हरवला आणि मजकुरावरून नवा जुळवावा लागला. तो त्याच्या वडिलांच्या कार्यालयात तयार झाला. वडील दीपस्तंभ बांधणारे अभियंते होते, आणि नकाशावरची चाच्याची सही त्यांनी स्वतःच्या हाताने हुबेहूब वठवली. तो दुसरा नकाशा स्टीव्हन्सनला कधीच आपला वाटला नाही. लिहून झालेल्या शब्दांना बांधलेला नकाशा तसाच होणार, असे मला वाटते. माझा नकाशा अजून मोकळा आहे. त्यावर नद्या आहेत, घाट आहेत, पण एकाही जागेवर नाव पडलेले नाही.

बाबा, तुमच्या टिपणांवरचे अक्षर मी लहानपणापासून पाहत आले आहे. कितीही बारीक लिहिले तरी त्यातला "ख" कधी "रव" वाचला गेला नाही. या नकाशावरची नावे तुम्ही लिहावीत, अशी माझी विनंती आहे. आणि आई, डोंगराच्या पूर्व उतारावर अकरा वाड्या आहेत, त्यांना अजून नावे नाहीत. कुठे उंबर आहे, कुठे पाण्याचा झरा आहे, कुठे नुसता खडक आहे, हे मी तुला दाखवीन. नावे तू सांग.

मी येत्या शनिवारी सकाळच्या एस.टी.ने निघते. नकाशा नळकांड्यात गुंडाळून आणते, शाई आणि दोन बोरूही आणते. पुस्तकात तो समोरासमोरच्या दोन पानांवर छापला जाणार असल्यामुळे मधल्या शिवणीजवळ बोटभर जागेत काहीही लिहायचे नाही, एवढे लक्षात ठेवावे लागेल; ती जागा मी पेन्सिलीने आखून ठेवली आहे. पडवीतले टेबल रिकामे करून ठेवा. सकाळी तिथे उजेड चांगला असतो.

तुमची,
सई