कंसातल्या एका ओळीबद्दल आभार

श्री. निकोलस मॅरियट यांस,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पत्र मराठीत आहे, तेव्हा तुमच्यापर्यंत ते पोचेल अशी आशाही मी धरत नाही. पण इंग्रजीत लिहायला बसले तर 'थँक यू'च्या पुढे माझी गाडी सरकायची नाही, आणि मला बरंच बोलायचंय. कनेक्शन तुटलं तरी दूरच्या संगणकावरचं काम चालू ठेवणारा तुमचा प्रोग्रॅम, टीमक्स; गेल्या मंगळवारी रात्री त्याच्या मॅन पेजमधल्या, म्हणजे माहितीपुस्तिकेतल्या, एका कंसाने माझं अकरा दिवसांचं काम वाचवलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

काम आमच्या वाचनालयाचं. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि त्यांना लागलेली कसर. दोन कॉलेजच्या पोरांना हाताशी धरून मी वर्षभर पानं स्कॅन केली. पानावरची अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट, आणि ओळखलेले शब्द शब्दकोशाशी ताडून बघायला माझी एक स्क्रिप्ट. तिच्यात मी अतिशहाणपणा असा केला होता, की सगळा निकाल मेमरीत धरायचा आणि अगदी शेवटी एकदाच फाइलीत लिहायचा. म्हणजे मध्येच थांबली तर सगळं गेलं. हसू नका. एका संस्थेने तिचा सर्व्हर वापरायला दिला होता, त्यावर हे टीमक्समध्ये लावून मी निवांत होते.

निवांत, कारण पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की कनेक्शन तुटतं, आणि साध्या टर्मिनलमध्ये चालू असलेलं काम त्याच्याबरोबर जातं. टीमक्समध्ये तुटतो तो फक्त माझ्या बाजूचा धागा. पलीकडे टीमक्सचा स्वतःचा सर्व्हर जागा असतो, आतल्या कामाला काही झाल्याचा पत्ताही नसतो. वीज आली की अटॅच करायचं, म्हणजे पुन्हा जोडून घ्यायचं, सोडलं तिथून पुढे. अकरा दिवसांत वीज किती वेळा गेली ते मोजलं नाही. मोजायची वेळच आली नाही.

मंगळवारी मात्र वीज होती, नेटही होतं, आणि अटॅच होईना. सॉकेट, म्हणजे ज्या फाइलीतून टीमक्सशी जोडून घ्यायचं ती, सापडत नाही म्हणे. प्रोसेसची यादी काढली तर टीमक्सही चालू, टेसरॅक्टही चालू. डिस्क भरत आली म्हणून कुणीतरी आदल्या रात्री टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची, डिरेक्टरी झाडून लख्ख केली होती, आणि टीमक्सचं सॉकेट तिथेच असतं. म्हणजे घर उभं, आत चूल पेटलेली, माणसं कामात. दार तेवढं कुणीतरी उचलून नेलेलं.

सर्व्हरवाल्या संस्थेकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. तासाभराने एका ओळीचं उत्तर आलं, 'प्रोसेस किल करून पुन्हा सुरू करा', आणि तिकीट बंद. फोन केला तर समोरून, 'मॅडम, टेम्पमध्ये ठेवायचंच कशाला?' मी ठेवलं नव्हतं हो, ते तिथेच असतं, हे सांगेपर्यंत फोन ठेवलेला होता. मग एका ओळखीच्या संगणकतज्ज्ञाला विचारलं. त्याने मला वीस मिनिटं, मी हे सगळं मुळातच वेगळ्या पद्धतीने कसं करायला हवं होतं ते समजावलं. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण पाय घसरून विहिरीत पडलेल्या माणसाला काठावरून पोहण्याचे फायदे सांगतात का?

रात्री साडेबाराला मॅन पेज उघडलं. ते वाचायला मी कायम कंटाळते. त्यात सुरुवातीलाच, सॉकेटला वेगळं नाव द्यायच्या पर्यायाच्या खाली, हे वाक्य: सॉकेट चुकून काढलं गेलं तर टीमक्सच्या सर्व्हर प्रोसेसला 'सिगयूएसआर१' हा सिग्नल पाठवावा, म्हणजे ते पुन्हा तयार होतं.

पाठवला. काही नाही. पुन्हा पाठवला. काही नाही. आता मात्र रडू फुटायच्या बेतात होतं, आणि तेव्हा कुठे त्याच वाक्याच्या शेपटाचा कंस वाचला. सॉकेटच्या वरची डिरेक्टरी, म्हणजे ते ज्यात असतं ती, जागेवर नसेल तर हे जमणार नाही, हे ध्यानात असू द्या.

अहो, डिरेक्टरीही गेली होती! झाडणाऱ्याने काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. त्याच नावाची डिरेक्टरी बनवली, ७०० परवानगी (फक्त मालकाला प्रवेश) दिली, सिग्नल पाठवला, अटॅच केलं. समोर माझी स्क्रिप्ट, पान २,९१४, आणि आकडा माझ्यादेखत २,९१५ झाला. मी मोठ्याने काहीतरी बोलले असणार, कारण आई उठून बाहेर आली. तिला काय सांगणार? म्हटलं, दार सापडलं.

मला त्या वाक्यातला 'चुकून' फार आवडला. काढलं गेलं असेल तर चुकून गेलं असेल, एवढंच. कुणी काढलं, तू तिथे का ठेवलंस, असली चौकशी नाही. आणि कंस तर त्याहून. आपण दिलेला उपाय कुठे चालणार नाही हे सांगायची कुणाला हौस असते? आमच्याकडे पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे एक काका आहेत. मोटार जळाली की सगळं शिवार त्यांच्याकडे धावतं. ते मोटार खोलतात, हाताने फिरवून बघतात आणि पैसे घ्यायच्या आधी सांगतात, 'वायंडिंग करून देतो, पण बेअरिंग घासतंय, ते नाही बदललं तर परत जळंल.' ऐन उन्हाळ्यात, ऊस वाळत असताना, समोरचा काहीही द्यायला तयार असताना हे सांगतात. तुमचा कंस मला त्यांच्या आवाजात ऐकू आला.

त्यानंतर दोन रात्री मी टीमक्सची 'चेंजेस' ही आवृत्तीगणिक बदलांची नोंद असलेली फाइल वाचत बसले होते. (स्क्रिप्ट संपायची वाट बघत, दुसरं काय करणार?) २००७ साली तुम्ही हे सुरू केलंत, २००९ मध्ये ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये गेलं, आणि तेव्हापासून ही फाइल वाढतेच आहे. अमुक केल्यावर क्रॅश व्हायचं, ते दुरुस्त. तमुक ठिकाणी मेमरी गळत होती, बंद केली. एखादी आवृत्ती बाहेर पडते, त्यात काहीतरी राहून गेलेलं कळतं, मग मागोमाग तिच्या नावाला अक्षर जोडून दुसरी येते. ३.१ ला तर ए, बी, सी अशी तीन अक्षरं लागली. चुकलं होतं, म्हणून लागली. ते लपवलेलं नाही, नव्या आकड्याच्या झगमगाटात बुडवलेलंही नाही. काही ओळींत दुरुस्ती पाठवणाऱ्याचं नावही आहे. त्या अनोळखी लोकांनाही हे पत्र लागू.

खोटं कशाला बोलू, शिव्याही दिल्या आहेत मी तुम्हाला. २.१ मध्ये माउसच्या चार सेटिंगांची एक केलीत, तेव्हा माझी जुळवून ठेवलेली फाइल बिघडली. आणि देवनागरीचं अजून पूर्ण जमत नाही: कुठली मात्रा किती घरं अडवते यावर टर्मिनलचं आणि टीमक्सचं एकमत झालं नाही की कर्सर भलत्याच जागी जाऊन बसतो आणि टीमक्सने पाडलेल्या पडद्याच्या दोन भागांमधली उभी रेघ दातेरी होते. माझ्या पडद्यावर 'ज्ञानेश्वर' नावाने ती हटकून मोडते. यात दोष एकट्या तुमचा नाही, हे मला आता कळतं.

शुक्रवारी पहाटे स्क्रिप्ट संपली, फाइल लिहिली गेली. पहिलं काम केलं ते स्क्रिप्ट दुरुस्त करायचं; आता दर पन्नास पानांना निकाल लिहिते. दुसरं काम, सॉकेटची जागा टेम्पमधून हलवून माझ्या होम डिरेक्टरीत नेली. ती कशी हलवायची तेही तुमच्या कंसाच्याच परिच्छेदात आहे.

कळावे,
आपली कृतज्ञ,
एक वापरकर्ती

ता. क. २.९ मध्ये रंगांची जुनी सेटिंगं काढून टाकलीत, तेव्हापासून माझ्या टीमक्सची खालची पट्टी हिरवीच आहे. राहू द्या. सवय झालीय.