पुनर्विकासात बेवारस होणाऱ्या काचपेट्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी या जुन्या भागांत आणि नवी मुंबईत वाशीच्या सिडकोकालीन वसाहतींत पुनर्विकासासाठी इमारती रिकाम्या होत असताना रहिवासी जे सामान फाटकाशी ठेवून जातात, त्यात माशांच्या काचपेट्या हमखास दिसतात. तात्पुरत्या भाड्याच्या घरात एवढी अवजड वस्तू कोण नेणार, हा विचार समजण्यासारखा आहे. भंगारवाला लोखंडी स्टँड तेवढा उचलतो. काच मागे राहते आणि अखेर राडारोड्यात जाते. अशा पेट्या घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणता येतात. मात्र ‘फटीत थोडे सिलिकॉन भरले की झाले’ हा जो सल्ला हार्डवेअरच्या दुकानापासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटापर्यंत सर्वत्र मिळतो, तो चुकीचा आहे आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

काचपेटीत सिलिकॉन दोन ठिकाणी असते. एक थर दोन काचांच्या कडांमध्ये असतो आणि पेटीची खरी ताकद त्यातच असते. दुसरा आतल्या कोपऱ्यांतून पट्टीसारखा फिरवलेला असतो आणि तो पहिल्या थराचे पाण्यापासून रक्षण करतो. वर्षानुवर्षे शेवाळ खरवडून, किंवा पेटी गॅलरीत उन्हात कोरडी पडून राहिल्याने, सुटते ती बहुधा ही आतली पट्टी. पेटी विकत घेण्यापूर्वी काचांच्या कडा बाहेरून उजेडात पाहाव्यात. मधला थर सलग आणि एकसारखा दिसत असेल, तर केवळ आतली पट्टी नव्याने केली तरी पुरते. त्यात बुडबुडे किंवा पांढरट सुटलेले डाग दिसत असतील, तर काचा वेगळ्या करून पेटी पुन्हा जोडावी लागते आणि ते काम पेट्या बनवणाऱ्या कारागिराकडे सोपवलेले बरे. तळाच्या काचेला तडा असेल, तर ती पेटी फुकट मिळत असली तरी घेऊ नये. लोखंडी चौकटीच्या आणि पुटीनने सांधलेल्या फार जुन्या पेट्याही कोठे कोठे सापडतात. त्या पुटीनमध्ये शिसे असण्याचा संभव असल्याने त्या शोभेपुरत्याच ठेवाव्यात.

नवे सिलिकॉन काचेला घट्ट चिकटते, पण आधी सुकलेल्या जुन्या सिलिकॉनला ते नीट धरत नाही. गळक्या जागेवर दिलेले ठिगळ काही महिन्यांत पुन्हा गळू लागते, त्याचे कारण हे आहे. म्हणून गळती एका कोपऱ्यात असली, तरी तळाच्या चारही बाजूंची आणि चारही उभ्या कोपऱ्यांची आतली पट्टी रेझर ब्लेडने पूर्ण खरवडून काढावी लागते. ब्लेड काचेला जवळजवळ समांतर धरावे आणि ते दोन काचांच्या मधल्या थरात घुसणार नाही, याची काळजी घ्यावी. पट्टी निघाली तरी काचेवर एक पातळ, बोटाला रबरासारखी लागणारी साय उरते. दुरुस्ती फसते ती येथेच, कारण ही साय डोळ्यांना दिसत नाही. काच कोरडी करकरीत लागेपर्यंत ब्लेड फिरवून मग अॅसिटोनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, खिडक्या उघड्या ठेवून, ती पुसून घ्यावी. या कामास नव्या पट्टीच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

सिलिकॉनच्या निवडीतही गफलत होते. न्हाणीघरासाठी आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी मिळणाऱ्या बऱ्याच सिलिकॉनमध्ये बुरशी रोखणारे द्रव्य मिसळलेले असते आणि ते माशांना घातक ठरते. काचपेटीसाठी योग्य असल्याचे नळीवर स्पष्ट छापलेले, बुरशीरोधकविरहित शुद्ध सिलिकॉनच घ्यावे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, मध्ये न थांबता पट्टी ओढावी, ओल्या बोटाने ती एकदाच दाबून घ्यावी आणि वरची साय धरण्याआधी टेप काढून टाकावी. अशा सिलिकॉनला सुकताना बहुधा व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, साधारण एक आठवडा, पेटीत पाणी भरू नये. पावसाळ्यात हे काम करू नये, असे काही जण सांगतात, पण सिलिकॉन घट्ट होण्यासाठी हवेतले बाष्पच लागते. आपल्याकडच्या दमट हवेने त्याचे काही बिघडत नाही; काच मात्र पूर्ण कोरडी हवी.

काचेवरचे पांढरे क्षारांचे डाग व्हिनेगरने किंवा सायट्रिक अॅसिडच्या द्रावणाने निघतात. साबण वापरू नये. आधीच्या माशांचे रोगजंतू राहू नयेत म्हणून पातळ केलेल्या ब्लीचने पेटी धुणे योग्य आहे, परंतु ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एक काम पूर्ण करून, पेटी भरपूर पाण्याने धुऊन, मगच दुसरे हाती घ्यावे.

गळतीची चाचणी सपाट जागी, पेटीखाली फोमची शीट घालून आणि भोवती वर्तमानपत्र अंथरून करावी. पेटी आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश आणि मग पूर्ण भरून किमान दोन दिवस तशीच ठेवावी. थेंब जरी झिरपला तरी कागद ते सांगतो. (आपल्या अंकाचा हा उपयोग आपण मनावर घेणार नाही, अशी आशा आहे.) तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे 127 लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. काच, खडी आणि दगड धरल्यास वजन दीडशे किलोंच्या पुढे जाते. म्हणून ती गॅलरीच्या बाहेर काढलेल्या भागात ठेवू नये. खोलीत भिंतीलगत, मजबूत आणि समपातळीतल्या स्टँडवर ठेवावी. फिल्टरची आणि पंपाची वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मगच वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. पेटीसोबत आलेला जुना हीटर सरळ टाकून द्यावा. ठाण्याच्या हवेत बहुतेक माशांना त्याची गरज पडत नाही.

पेटी सांधली गेली तरी पाणी तयार व्हायचे असते. पुष्कळ विक्रेते पाणी भरले त्याच दिवशी मासे देऊन मोकळे होतात आणि आठवडाभरात मासे मेले की ग्राहक पेटीला दोष देतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मासे न सोडता पेटीत खाद्याची चिमूट टाकत राहावे, किंवा ओळखीच्या माणसाच्या निरोगी, चालू पेटीतला वापरलेला स्पंज आणावा. त्याने हा काळ बराच कमी होतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंनाही मारते, त्यामुळे ते पाणी एक दिवस उघडे ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालून वापरावे. घोडबंदर रस्त्यावर जेथे टँकरवर भागवावे लागते, तेथे पाण्याचा जडपणा खेपेगणिक बदलू शकतो. पाणी थोडे थोडे बदलणे तेथे अधिक महत्त्वाचे आहे.

जुन्या पेटीसोबत कधी कधी मासेही येतात, आणि त्यांत शेवाळ खाणारा ‘सकर’ बहुधा असतोच. तो एक फुटाहून मोठा होतो. नको झाला म्हणून त्याला मासुंदा किंवा उपवन तलावात सोडणे हे पुण्यकर्म नव्हे. हा दक्षिण अमेरिकेतला मासा काठांत बिळे करतो, त्याचे काटेरी कवच जाळी फाडते, आणि उजनीच्या मच्छीमारांना त्याचा उपद्रव भोगावा लागत आहे. असा मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी पेटी असलेल्याला द्यावा.

पुनर्विकासात जाणाऱ्या सोसायट्यांना एक विनंती आहे. घर रिकामे करण्याच्या महिनाभर आधी, पेटीची लांबी, रुंदी, उंची, ती गळते का आणि शेवटचे पाणी केव्हा भरले होते, एवढी माहिती सूचना फलकावर लावावी आणि स्टँड पेटीसोबतच द्यावा. घेणाऱ्याला कोणते काम करायचे आहे ते त्यातून आधीच कळेल आणि पेटी फाटकाशी येण्यापूर्वीच दुसऱ्या घरी पोहोचेल.

आपला,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे